रिकाम्या पेटीचे परीक्षक

आमच्या सरांना कॉम्प्युटर चालवता येत नव्हता, आणि शिकायची इच्छाही नव्हती. पडदा, कीबोर्ड, माऊस, आतली ती हिरवी पाटी, यांतलं काहीही समोर आणून ठेवलं की ते चष्मा कपाळावर सरकवून दुसरीकडे बघायला लागायचे. त्यांचा जीव होता फक्त त्या पत्र्याच्या खोक्यात, ज्यात हे सगळं भरतात. बाजारात त्याला कॅबिनेट म्हणायचे. सर म्हणायचे पेटी. "कॅबिनेट दिल्लीत असतं," ते एकदा दुकानदाराला म्हणाले होते, "आणि ते कधी पडेल सांगता येत नाही. तू मला पेटी दाखव."

ते धुळ्याच्या आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. मी गणिताची, नवीनच लागलेली. देवपुरात त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहायचे. त्यामुळे कॉलेजात ते मला "मॅडम" म्हणायचे आणि घरी "पोरी". जिन्याच्या मधोमध भेटले तर काय म्हणावं हे त्यांना सुचायचं नाही, मग नुसतेच खाकरायचे.

नव्वदीतली ती मधली वर्षं. कंपनीचा तयार कॉम्प्युटर घेणं मास्तर लोकांना परवडणारं नव्हतं. एकेक भाग गोळा करायचा आणि ओळखीच्या पोराकडून जोडून घ्यायचा, अशी पद्धत होती. लोक तासन् तास प्रोसेसर कुठला आणि मेमरी किती यावर बोलायचे. खोकं मात्र दुकानदार देईल ते. त्याकडे बघायचं असतं हेच कोणाला माहीत नव्हतं.

सरांनी बघायला सुरुवात केली ती एका शिपायामुळे. कॉलेजच्या ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आला होता. त्याचं झाकण काढून आतली धूळ पुसताना शिपायाचं बोट असं कापलं की टाके घालावे लागले. सरच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्यावर वर्गावर न जाता ते ऑफिसात त्या उघड्या खोक्यासमोर स्टूल टाकून बसले. पत्र्याच्या कडा कापल्या तशाच ठेवल्या होत्या, ब्लेडसारख्या. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ते उठले आणि एवढंच म्हणाले, "हे बनवणाऱ्यानं आत कधी हात घातलेला नाही."

तिथून पुढे सुटीचा दिवस म्हणजे पेट्यांची परीक्षा.

पहिला पेपर रुमालाचा. खिशातून मलमलचा जुना, धुऊन धुऊन विरलेला रुमाल निघायचा. झाकण काढून आतल्या प्रत्येक कडेवरून तो हलकेच फिरायचा. एक धागा अडकला तरी पेटी नापास. मग पेटी फरशीवर ठेवून एका कोपऱ्यावर तळहात दाबायचा. समोरचा कोपरा उचलला गेला तर नापास. झाकण डोळे मिटून परत बसवता आलं पाहिजे. मागच्या बाजूला कार्ड लावायच्या फटी असतात, त्यांना पट्ट्या लावलेल्या आहेत का, हे ते बोटांनी चाचपून बघायचे. नसल्या तर म्हणायचे, "पालीला फुकट प्रवेश!" यात अतिशयोक्ती काही नव्हती. आमच्याकडे पाल आत शिरून कॉम्प्युटर बंद पडणं हे वीज जाण्याइतकंच नेहमीचं होतं.

काही पेट्यांच्या तोंडावर लाल आकडे उजळायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्या मशीनचा वेग. सरांनी एका दुकानात सगळ्यांसमोर ते तोंड खोलून दाखवलं. आतल्या बारीक पिना इकडच्या तिकडे केल्या की पाहिजे तो आकडा लागतो, मग आत मशीन असो नसो. "पेटीनं आपले मार्क आपल्याच तोंडानं सांगायचे नसतात," ते म्हणाले. दुकानदाराने त्या दिवशी आम्हाला चहा विचारला नाही.

पास कोणीच व्हायचं नाही. फार तर एटीकेटी. "पुढच्या वर्गात बस म्हणावं, पण हा विषय पुन्हा द्यावा लागेल," असं ते पेटीकडे बघून म्हणायचे, आणि गिऱ्हाईक ती पेटी घ्यावी की न घ्यावी या संभ्रमात उभं राहायचं.

जळगावच्या एका दुकानातली गोष्ट मी कितीदा सांगितली असेल. मे महिना, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय. सरांनी पेटी मागितली, तिचा पंखा सुरू करायला लावला आणि शर्टाच्या खिशातून अगरबत्ती काढून पेटवली. पंख्याने हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते हे धुरावरून कळतं, म्हणून. ते शांतपणे पेटीच्या चहूबाजूंनी अगरबत्ती फिरवत होते. दारातून आत येणाऱ्या एका बाईंनी ते बघितलं आणि चपला बाहेर काढल्या. गल्ल्यावर बसलेले मालकाचे वडील, त्यांना कमी दिसायचं, ते उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मागून जायच्या ऐवजी धूर पुढच्या फटीतून भसकन मालकाच्या तोंडावर आला. सर म्हणाले, "नापास." म्हाताऱ्यांनी मुलाला हळूच विचारलं, "आरती झाली का?"

बाहेर आल्यावर मी हसून हसून बेजार, आणि सर गंभीर. "हसू नको. आपल्याकडच्या मे महिन्यात माणूस घामानं वाचतो. यंत्राला घाम येत नाही. त्याला वाराच पाहिजे."

हळूहळू लोक त्यांना शोधत यायला लागले. दीपनगरच्या वीज केंद्रातले एक इंजिनिअर यायचे, ते सरांशी वाद घालायचे आणि शेवटी त्यांचंच ऐकायचे. रावेरचे एक केळीवाले अण्णा जीप घेऊन आले होते. मुलासाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता आणि त्यांना सगळ्यात उंच टॉवर पाहिजे होता, दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवायला. "घर मोठं आहे सर आमचं, खोकं पण तसंच पाहिजे." सरांनी विचारलं, मुलगा अभ्यास कुठे करतो? टेबल केवढं? टेबलाखाली जागा किती? अण्णांना यातलं एकही माहीत नव्हतं. सर त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसून रावेरला गेले, टेबल बघितलं आणि मधल्या उंचीची पेटी सुचवली, मिड टॉवर म्हणतात ती. आत दोन्ही हात गेले पाहिजेत, पुढेमागे एखादा भाग वाढवायला जागा राहिली पाहिजे आणि एकट्या माणसाला उचलता आली पाहिजे, एवढंच त्यांचं मोठेपणाचं माप होतं. परत येताना अण्णांनी केळीचे दोन घड दिले. ते आम्ही आठवडाभर खात होतो.

घरात सरांनी अभ्यासासाठी म्हणून ठेवून घेतलेल्या नापास पेट्या साठत गेल्या. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, अमळनेरकडच्या. बाहेर शुद्ध बोलायच्या, पण चिडल्या की थेट माहेरच्या बोलीत शिरायच्या. "व माय! बठ्ठा घरमा खोकाच खोका शेतस. माले भाकरी कराले जागा नही!" पण त्याच काकूंनी एक दिवस त्यातल्या एका पेटीत कांदे भरले. बाजूला जाळी असल्यामुळे कांदे सडत नाहीत असं त्यांच्या लक्षात आलं. दुसरीत ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले जाड पापड, गेले. मग त्यांचीही परीक्षा सुरू झाली. सरांनी नवीन पेटी आणली की काकू आधी तिच्यात किती मावेल ते बघायच्या.

सर नेहमी बरोबर असायचे असं मात्र नाही. जळगावच्या एका जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसवायचा होता. तिथे हवेतच कापूस उडत असतो. सर जाऊन बघून आले आणि त्यांनी पेटीची सगळी भोकं कापड लावून बंद करायला सांगितली. कापूस आत गेला नाही हे खरं, पण उष्णता बाहेरही आली नाही. उन्हाळ्यात मशीन अर्ध्या-अर्ध्या तासाला बंद पडायला लागलं आणि शेवटी कायमचं गेलं. निरोप आला तेव्हा सर दुपारच्या एसटीने जळगावला गेले. पेटीवर हात ठेवला. तिथल्या क्लार्कला म्हणाले, "ही पास आहे. मी नापास." त्या वर्षी दिवाळीपर्यंत त्यांनी कोणाची पेटी बघितली नाही. कोणी आलं तर "माझा निकाल राखून ठेवलाय" म्हणून परत पाठवायचे. काकूंना बरं वाटायला हवं होतं, पण त्याच मला म्हणाल्या, "घर कसं रिकामं रिकामं वाटतंय गं."

सरांचे एक मित्र होते, जुन्या धुळ्यातले चाचा. लग्नाच्या पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवायचे. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, दोन्ही हातांवर पत्र्याने कापल्याच्या बारीक रेघा. सरांची आणि त्यांची दोस्ती एका ट्रंकेच्या कडीवरून सुरू झाली होती आणि ती मुख्यतः भांडणावर चालायची. सर पेटी बघायला जाताना चाचांना बरोबर घ्यायचे. "प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक लागतो," असं त्यांचं म्हणणं. चाचांना या पेट्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. "मास्टर, हा पत्रा नाही, पापड आहे," ते म्हणायचे. "आणि ज्या पेटीला कुलूप नाही, ती पेटी कसली?"

"चोरायला आत काही दिसत नाही, चाचा."

"मग ठेवायची कशाला?"

या प्रश्नावर देवपूर ते जुनं धुळं एवढा रस्ता सहज सरायचा.

मला घरी कॉम्प्युटर घ्यायचा होता. कॉलेजातल्या मुलींना कॉम्प्युटरला हात लावायला मिळायचा नाही, मुलं आधीच खुर्च्या पकडून बसायची. मी ठरवलं होतं की संध्याकाळी माझ्या खोलीत चार-पाच मुलींना शिकवायचं. एकेक भाग आणला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवला. पेटी तेवढी राहिली, कारण ती सर बघणार होते. धुळ्यातल्या सगळ्या पेट्या नापास झाल्या. जळगावच्याही झाल्या. मुली विचारायच्या, "मॅडम, कधी?" मी म्हणायचे, "पेटी आली की." सर मध्ये नसते तर मी कधीच काहीतरी आणून मोकळी झाले असते, पण त्यांना तसं सांगायची माझी हिंमत नव्हती.

मग कोणीतरी सांगितलं की मुंबईत नव्या पद्धतीच्या पेट्या आल्या आहेत. जुन्या पेटीत घरातली वीज थेट पुढच्या बटणापर्यंत यायची, नव्यात ती मागच्या डब्यातच थांबते, पुढे शॉक बसायची भीती नाही. सरांनी सुटीत चाचांना घेतलं आणि मुंबई गाठली. माझं माहेर चाळीसगावचं. मी तेव्हा तिथेच होते. सरांनी शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला: पेटी मिळाली, सकाळच्या गाडीने येतोय, स्टेशनवर ये, धुळ्याच्या गाडीने तिघं मिळून जाऊ.

मी गेले तेव्हा दोघं बाकावर बसले होते, मध्ये पुठ्ठ्याचं खोकं. खोक्याची एक बाजू कापलेली आणि त्यातून लाल, पिवळ्या, हिरव्या तारा बाहेर आलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"रात्रभर झोपू दिलं नाही बेटी यांनी," चाचा म्हणाले. "गाडीतच उघडलं. टीसी तिकीट बघायला आला, तर त्याला कडा दाखवत बसले."

"कडा मुडपलेल्या आहेत," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "पत्रा आत वळवून दाबलाय. रुमाल अडकला नाही पोरी. कुठेच नाही!"

धुळ्याच्या गाडीला अजून वेळ होता. चाचांना खोक्याजवळ बसवून मी आणि सर चहा आणायला गेलो. स्टॉलवर गर्दी होती. डोक्यावर घोषणा चालली होती, बेवारस वस्तूला हात लावू नका, पोलिसांना कळवा. त्या वर्षांत ती घोषणा दिवसभर चालायची, तिच्याकडे कोणाचं लक्षही नसायचं. आम्ही तीन कप घेऊन वळलो आणि आरडाओरडा ऐकू आला. लोक आमच्या अंगावरून पळत गेले. एका बाईने पोराला काखेत मारलं होतं आणि दुसऱ्या हातातली पिशवी तशीच टाकून दिली होती.

आमच्या बाकाभोवती मोठं रिंगण झालं होतं. बाकावर खोकं एकटंच होतं, तारांसकट. रिंगणापलीकडे नळापाशी एका हवालदाराने चाचांचा दंड धरला होता. ते बाटली भरायला गेले होते, एवढंच झालं होतं. कोणीतरी त्यांना खोकं ठेवून उठताना बघितलं आणि ओरडलं. बाटली खाली पडून पाणी सांडत होतं. दुसऱ्या शिपायाने त्यांची कापडी पिशवी उपडी केली होती. तिच्यातून पत्रा कापायची कातर, छोटी हातोडी आणि लोखंडी पट्टी निघाली. गर्दीत तेच तोंडातोंडी चाललं होतं, कातर निघाली, कातर निघाली. चाचा सांडणाऱ्या पाण्याकडे बघत होते.

सरांनी आपला कप माझ्या हातात दिला आणि रिंगण ओलांडून सरळ आत चालत गेले.

"ओ म्हातारबा! मागे व्हा!" हवालदार ओरडला.

"खोकं माझं आहे," सर म्हणाले.

"तुमनं शे? काय शे त्यामा?"

"काही नाही."

"काही नही म्हणजे?"

"रिकामं आहे."

"मुंबईथून रिकामं खोकं आनं तुम्ही?" हवालदाराचा आवाज चिरकला. "कसाले?"

सरांनी चष्मा नीट केला. "त्याचं असं आहे..."

"सर, थोडक्यात सांगा!" मी एवढ्या जोरात ओरडले की हातातला चहा माझ्याच पायांवर सांडला.

तेवढ्यात फौजदार आले. तरुण होते, टोपी हातात, कपाळावरून घाम ओघळतोय. त्यांनी सरांचा पांढरा शर्ट, खिशातलं पेन, चष्मा हे सगळं बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, तुम्ही या बाईंना घेऊन बाहेर थांबा. आम्ही याची चौकशी करतो."

"याची म्हणजे कोणाची?"

"त्याची. खोकं सोडून तो गेला होता."

"तो पाणी आणायला गेला होता. खोकं मी विकत घेतलंय. कापलं मी. तारा बाहेर काढल्या त्याही मी. चौकशी करायची तर माझी करा. तो माझ्याबरोबर आलाय आणि माझ्याबरोबरच जाईल."

"सर, समजून घ्या. बाहेरून पथक बोलवावं लागेल, ते येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"तोपर्यंत त्याचा हात असाच धरून ठेवणार?"

पलीकडच्या फलाटावरून धुळ्याची गाडी शिटी देऊन निघाली. आमच्यापैकी कोणीही तिकडे बघितलं नाही.

सर बाकाजवळ गेले आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. सगळं रिंगण दोन पावलं मागे सरकलं. फौजदार "अहो सर, अहो सर" म्हणत राहिले. सरांनी खोकं मांडीवर घेतलं, पुठ्ठा बाजूला केला. पेटी रिकामी आहे हे मला माहीत होतं, तरी त्यांचे हात आत गेले तेव्हा मीही एक पाऊल मागे सरकले. त्यांनी मागचे स्क्रू बोटांनी फिरवले, झाकण सरकवलं आणि पेटी आडवी धरून तिचं तोंड गर्दीकडे केलं. मग उजवीकडे फिरवली. मग डावीकडे. वर्गात नकाशा दाखवताना ते असंच करायचे, मागच्या बाकांना दिसलं पाहिजे म्हणून.

"यामा तं काहीच नही!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. आवाजात चक्क निराशा होती.

फौजदार वाकून वाकून जवळ आले. त्यांनी मागच्या कोपऱ्यातल्या चंदेरी डब्याकडे बोट दाखवलं. सगळ्या तारा त्यातूनच निघत होत्या. "आणि हे?"

"वीज घेणारा डबा. कॉम्प्युटरला वीज वाटून देतो."

"चालू करून दाखवा."

चौकीत गेलो. हवालदाराने चाचांचा दंड सोडला नव्हता. सरांसाठी खुर्ची ओढली गेली, पण ते बसले नाहीत. चाचांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. भिंतीवर प्लग होता. नव्या पद्धतीचा तो डबा, नुसता प्लग लावून सुरू होत नाही. हिरवी आणि काळी तार जोडावी लागते, एवढं सरांना मुंबईच्या दुकानदाराने दाखवलं होतं. "पोरी, केसांतली पिन दे," ते म्हणाले. मी दिली. त्यांनी ती वाकवून दोन तारांच्या टोकांत अडकवली. चौकीतले दोन शिपाई दाराबाहेर गेले. बटणाकडे हात नेताना सर थांबले आणि त्यांनी चाचांकडे बघितलं. तेव्हा चाचा पहिल्यांदा बोलले.

"लावा मास्टर. एकदाना लावा."

खट्ट झालं. क्षणभर काहीच नाही. मग आतून बारीक घरघर आली आणि पंखा फिरायला लागला.

हवालदाराने आपला मोकळा हात डब्यामागे नेऊन बघितला. "हवा येई राहिनी, साहेब," तो म्हणाला. आणि हवा नीट लागावी म्हणून त्याने दुसराही हात तिकडे नेला. चाचांचा दंड असा सुटला.

फौजदारांनी टोपी टेबलावर ठेवली आणि रुमालाने मानेपर्यंत घाम पुसला. "असं काही मी कधी बघितलं नव्हतं सर," ते म्हणाले. "फलाटावर दोनशे माणसं होती." मग त्यांनी तीच खुर्ची उचलून चाचांपुढे ठेवली. "बसा चाचा. त्रास झाला तुम्हाला."

"नको साहेब," चाचा म्हणाले. "आता बसलो तर उठता यायचं नाही. जाऊ द्या आम्हाला."

पिशवीत कातर, हातोडी, पट्टी परत भरली गेली. ती हवालदारानेच भरली. निघताना फौजदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, खरं सांगा. हे खरंच रिकामं खोकं आणायला मुंबईला गेले होते?" मी म्हटलं, हो.

ती पेटी पुढे बरीच वर्षं माझ्या टेबलाखाली होती. आतलं सगळं दोन-तीनदा बदललं. कितीतरी मुली तिच्यावर शिकल्या, आतले भाग स्वतः काढून लावायला शिकल्या, आणि कोणाचंही बोट कापलं नाही. सर आणि चाचा दोघंही आता नाहीत. पण त्यांची आठवण आली की मला ती दुपार आठवते, चाळीसगावहून धुळ्याला जाणाऱ्या एसटीतली.

माझ्या माहेरी जेवायला चला म्हटलं तर चाचा तयार नव्हते, त्यांना घरी जायचं होतं. गाडी खचाखच भरलेली. आम्ही तिघं उभे, चाचांनी एका हाताने दांडा धरलेला आणि दुसरा हात सरांच्या खांद्यावर. पेटी पुठ्ठ्यात परत घालून, माझ्या ओढणीने बांधून, आमच्या पायांत ठेवलेली. गाव सुटलं. गाडी वळली की चाचांचा सगळा भार सरांच्या खांद्यावर यायचा.

कंडक्टर माणसांतून वाट काढत आला आणि त्याच्या पायाला खोकं लागलं.

"हाई कोनं शे?" त्याने विचारलं. "काय शे यामा?"

सरांनी चष्मा नीट केला. मी डोळे मिटून घेतले.

"लुगडा शेतस, भाऊ," चाचा म्हणाले. "लगननं सामान शे."

"कोनं लगन?"

चाचांनी माझ्याकडे बोट केलं. "हाई पोरनं. मास्टरनी पोर शे."

सरांनी आयुष्यात कोणाचं चुकीचं विधान तसंच जाऊ दिलं नव्हतं. परीक्षेच्या हॉलमध्येही ते चालता चालता मुलांची स्पेलिंग दुरुस्त करायचे. त्यांनी चाचांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "हो. माझी पोर."

कंडक्टरने मला आपादमस्तक न्याहाळलं. लगेजचं तिकीट फाडायला काढलेला हात मागे घेतला आणि पुढे बघून हाक दिली, "ओ भाऊ, उठा जरा! लगनघरना माणसे शेतस. म्हाताराले बसू द्या!"

खिडकीजवळचा एक तरुण उठला. चाचा बसले. बसल्यावर त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की शेजारच्या बाई सरकून बसल्या. मी खोकं उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. आधी मला हसू फुटलं. मी तोंडावर हात दाबला तर सरांचे खांदे हलायला लागलेले. ते हसताना आवाज करायचे नाहीत, नुसते लाल व्हायचे. तेवढं लाल झालेलं मी त्यांना त्याआधी कधी बघितलं नव्हतं. चाचा मात्र खोक्यावर दोन्ही हात ठेवून लग्नघरच्या मोठ्या माणसासारखे बसले होते.

"कधी शे लगन, बाबा?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

चाचांनी टोपी काढून कपाळ पुसलं, परत डोक्यावर नीट बसवली आणि आवाज चढवून सगळ्या गाडीला आमंत्रण दिलं.

"बठ्ठा जन या!"